लाल शाईतला नाईस

गुरुवारी पाण्याची पाळी होती आणि मंगळवारपासूनच मनिराम गुर्जींचा पाय एका जागी ठरत नव्हता. अंगणातून ओसरीत, ओसरीतून परसात, परसातून पुन्हा अंगणात. ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या जमुनाबाईंनी तीनदा सूप बाजूला सरकवून नवऱ्याला वाट करून दिली. चौथ्यांदा मात्र त्यांनी सूप जागचं हलवलं नाही.

"पोट दुखून राह्यलं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"पोट नाही," गुर्जी म्हणाले. "नाईस."

झालं होतं असं, की सकाळीच कुडव्याहून नातीचा, मंजूचा फोन आला होता. नववीच्या वर्गाला मॅडमनी प्रकल्प दिला होता. रोजच्या बोलण्यातलं एक इंग्रजी विशेषण घ्यायचं, त्याचा अर्थ लिहायचा आणि ते मुळात कुठून आलं ते शोधायचं. मंजूनं आबांचं लाडकं विशेषण घेतलं. 'नाईस' म्हणजे छान, हे पहिल्या ओळीत लिहून झालं आणि दुसऱ्या ओळीला ती अडखळली. हा शब्द म्हणे लॅटिनमधल्या 'नेस्कियस'पासून निघाला होता, आणि नेस्कियस म्हणजे ज्याला काही माहीत नाही तो, अडाणी. पुढे फ्रेंचांनी तो मूर्ख माणसाला लावला. इंग्रजांच्या घरी आल्यावर आधी मूर्ख, मग बुजरा, मग चोखंदळ असे वेश बदलत बदलत शेकडो वर्षांनी तो एकदाचा छान झाला. हे खरं का, असं मंजूनं विचारलं. गुर्जी हसले, फोनवर काहीही सापडतं म्हणाले, आणि कपाटातून आपला जाडजूड शब्दकोश काढला. शब्दकोशातही तेच होतं. मग मात्र त्यांचं हसू मावळलं.

कारण एकतीस वर्षं गुर्जींनी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि एकतीस वर्षं चांगल्या वहीवर लाल शाईनं हाच एक शब्द लिहिला होता. 'गुड' सगळेच मास्तर लिहितात, आणि 'व्हेरी गुड'ला जागा फार लागते. 'नाईस' चार अक्षरांत बसायचा, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी गुर्जी पानाच्या कडेपर्यंत लांबवायचे. त्या शेपटीचा त्यांना मोठा अभिमान होता. आता त्या सगळ्या वह्या त्यांच्या डोळ्यांपुढे रांगेनं उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीवर लाल अक्षरांत 'अडाणी' असं दिसू लागलं. घाबरून त्यांनी 'सिली'ही काढून पाहिला, कारण ढ पोरांच्या वहीवर ते 'सिली मिस्टेक' लिहीत. सिलीचा जुना अर्थ निघाला धन्य, सुखी, देवाचा लाडका. म्हणजे एकतीस वर्षं त्यांनी हुशार पोरांना अडाणी ठरवलं होतं आणि ढ पोरांना आशीर्वाद दिले होते.

जमुनाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एक खडा निवडून अंगणात फेकला.

"त्या वह्या कवाच्याच चुलीत गेल्या," त्या म्हणाल्या. "पोराईले पोरं झाले. आता कोनाच्या घरी वही बसली आहे तुमची?"

नेमकं हेच त्यांनी विचारायला नको होतं. एका घरी होती. जागेश्वर कापगतेच्या घरी, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, काचेच्या फ्रेममध्ये गुर्जींच्या नाईसचं एक पान पस्तीस वर्षं लटकत होतं. आठवीतला निबंध, विषय 'आमच्या गावचा तलाव'. जागेश्वर आठवीतच शाळा सोडून बसला, पण ते पान त्यानं सोडलं नाही. गावानं त्याला तलावाचा पाणकर नेमलं तेव्हा तो ती फ्रेम बगलेत घेऊन सभेला आला होता. गुर्जींनी मले तलावावर नाईस देल्लं आहे, आता तुमी मले तलाव द्या, असं म्हणाला. गावानं दिला.

आता केशोरीच्या बाजूच्या ह्या गावात पाणकर म्हणजे काय, हे ज्याच्या शेतात धान उभं आहे त्याला विचारावं. तलावाचं पाणी पाटानं एकेका बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, तोंडाशी आणून उभं करायचं काम पाणकराचं. तिथून धुरा, म्हणजे बांधीचा मातीचा बांध, फोडून पाणी आत घ्यायचं काम मालकाचं. नियम जुना आणि साधा होता. पाणी तोंडाशी येईल तेव्हा मालक किंवा घरचं माणूस फावडं घेऊन धुऱ्यावर उभं पाहिजे. नसेल तर पाणी थांबत नाही, पुढच्या बांधीला जातं, आणि चुकलेली पाळी नऊ दिवसांनी परत येते. तलाव ज्यांनी खोदला त्या पणजोबांनी हा नियम झोपाळू लोकांसाठी केला होता, असं म्हणतात.

दसऱ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. गुर्जींच्या दीड एकराचं धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या आणि लोंबीत दूध भरायची हीच वेळ होती. नऊ दिवस पाणी मिळालं नसतं तर दाण्याऐवजी नुसता पोचा हाती आला असता. रोवणीपासून जमुनाबाई चिखलात उभ्या राहिल्या होत्या, गुर्जींनी बहुतेक धुऱ्यावर बसून वर्तमानपत्र वाचलं होतं. त्यामुळे गुरुवारी बचत गटाच्या कामासाठी केशोरीला निघताना जमुनाबाईंनी गुर्जींच्या हातात फावडं दिलं आणि पुन्हा पुन्हा बजावलं.

"धुऱ्यावरून हलू नका. एवढंच काम आहे. उभं राहाचं."

उभं राहणं हेच गुर्जींना त्या दिवशी जमण्यासारखं नव्हतं. आठ वाजता ते धुऱ्यावर गेले. त्यांच्या आधी सहा बांध्या होत्या, पाणी दहाच्या आत येत नाही असा त्यांचा हिशेब होता. सव्वाआठला त्यांनी खिशातलं लाल पेन काढून पाहिलं. साडेआठला त्यांना वाटलं, जागेश्वर इथं पाटावर आहे, म्हणजे घरी नाही. हळूच जावं, फ्रेम उघडावी, नाईस खोडून वर 'गुड' लिहावं आणि यावं. 'गुड'चं मूळ त्यांनी तपासून ठेवलं होतं. त्यात काही भानगड नव्हती. पाणी देणाऱ्या माणसाला गेली पस्तीस वर्षं आपण अडाणी म्हणून भिंतीवर टांगून ठेवलं आहे, ही गोष्ट मनात ठेवून त्याच्याकडून पाणी घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी फावडं धुऱ्यात रोवलं, फावड्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकला, म्हणजे लांबून माणूस उभा आहे असं दिसावं, आणि मोपेडला किक मारली.

जागेश्वरची बायको शामकला घरीच होती. गुर्जी आले म्हणून तिनं बसायला पाट मांडला, पाया पडली आणि चहा ठेवायला आत गेली. गुर्जी स्टुलावर चढले. फ्रेमची सुतळी पस्तीस वर्षांची होती, त्यांचा हात लागताच ती तुटली. फ्रेम स्टुलावर आणि स्टुलावरून जमिनीवर पडली आणि काचेचे तीन तुकडे झाले.

शामकला धावत आली. गुर्जींच्या तोंडून भलतंच निघून गेलं. काच जुनी झाली होती, नवीन बसवून आणावी म्हणून काढत होतो, असं ते म्हणाले. शामकलाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे मोठे गुर्जी, ह्या वयात, तिच्या नवऱ्याच्या पानाची काच बदलायला घरी आले. तिनं धुतलेल्या टॉवेलात फ्रेम गुंडाळून दिली, चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आली. आता केशोरीला जाण्यावाचून गुर्जींना गत्यंतर उरलं नाही. वेळ आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. सहा बांध्या आहेत.

त्यांना माहीत नव्हतं, की सहापैकी दोन बांध्यांचे मालक त्या सकाळी एका तेराव्याला गेले होते. धुऱ्यावर कोणी नाही असं पाहून पाणी नियमाप्रमाणे दोन्ही बांध्या ओलांडून झरझर पुढे निघालं होतं.

केशोरीत ईश्वरदासचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. ईश्वरदासला घाई हा प्रकार मान्य नव्हता. त्यानं आधी गुर्जींच्या तब्येतीची चौकशी केली, मग काच मापली, मग चष्मा शोधला, मग पुन्हा मापली. तेवढ्यात गुर्जींचा फोन वाजला. जागेश्वर. शामकलानं त्याला फ्रेमचं सांगितलं असणार, असं गुर्जींना वाटलं. त्यांनी फोन वाजू दिला. तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. असं सात वेळा झालं आणि सातही वेळा गुर्जी फोनकडे असे बघत राहिले, जणू फोन दुसऱ्याचा आहे.

ईश्वरदासनं पान झटकून उलटं केलं.

"गुर्जी, मागून नाव आहे," तो म्हणाला. "सी. के. डोंगरवार. हे तं आपले चुन्नीसेठ होय ना?"

गुर्जींनी पान हातात घेतलं. निबंधाच्या शेवटी, पोरं हौसेनं करतात तशी वळणदार सही होती. चुन्नीलाल डोंगरवार. वर्गातला अट्टल ढ, सिली मिस्टेकचा धनी, आज गावात राईस मिल चालवणारा आणि गुर्जींच्या बांधीला लागूनच ज्याची बांधी आहे तो चुन्नीलाल. पस्तीस वर्षांपूर्वीची ती दुपार गुर्जींना आठवली. नव्या वह्या, पहिलाच निबंध. वह्या वाटल्यावर चुन्नीलाल उभा राहिला होता आणि म्हणाला होता, गुर्जी, हे माई वही नाई, कोनीतरी कव्हर बदलवलं. चुन्नीलाल असा निबंध लिहील ह्यावर गुर्जींचा विश्वास बसला नव्हता. खोटं बोलतो म्हणून त्यांनी त्याला सुट्टीपर्यंत बाकावर उभं केलं होतं. आणि पान उलटून सही पाहिली नव्हती, कारण खरं सांगायचं तर गुर्जी निबंधाची पहिली ओळ वाचून नाईस लिहीत.

आता नाईसचं मूळ राहिलं बाजूला. त्यांना त्या पोराचं बाकावर उभं राहून खिडकीबाहेर बघणं लख्ख दिसत होतं.

"तुमी इथं?"

दुकानाच्या पायरीवर जमुनाबाई उभ्या होत्या, हातात बचत गटाची पिशवी. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज अगदी खाली गेला. गुर्जींना हा आवाज माहीत होता.

"मंग धुऱ्यावर कोन आहे?"

"दुपट्टा आहे," गुर्जी म्हणाले.

फोन आठव्यांदा वाजला. तो जमुनाबाईंनी घेतला. पाणी पाऊण तासापासून गुर्जींच्या बांधीच्या तोंडाशी येऊन उभं आहे, चुन्नीसेठ पाळी मागून राह्यले, लवकर या, असं जागेश्वर ओरडून सांगत होता. ईश्वरदासनं नवी काच बसवून पान आत सरकवलं तशी जमुनाबाईंनी फ्रेम टॉवेलासकट त्याच्या हातून ओढून घेतली आणि त्या मोपेडवर मागे बसल्या.

वाटेत गुर्जींनी सगळं सांगून टाकलं. गाव दिसू लागल्यावर जमुनाबाईंनी फक्त निकाल दिला.

"चुन्नीलालवर अन्याव झाला, खरं आहे. त्याले सांगा. पन धुरा फोडल्यावर सांगा. आधी फावडं, मंग तोंड."

गुर्जींनी कबूल केलं. त्या क्षणी त्यांना ते मनापासून कबूल होतं.

धुऱ्यावर जागेश्वर उभा होता आणि त्याच्यासमोर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पांढऱ्या शर्टातला चुन्नीलाल, खांद्यावर फावडं. दोघांच्या मध्ये पाणी पाटात तुंबून फिरत होतं. जागेश्वरनं पाऊण तास एकच गोष्ट लावून धरली होती, की गुर्जी इथंच होते, दुपट्टा ठेवून झुडपामागं गेले, पोट बिघडलं आहे, येतीलच. चुन्नीलाल म्हणत होता, पाऊण तास लागतो का. त्याच वेळी झुडपाच्या बरोब्बर विरुद्ध दिशेनं, केशोरीच्या रस्त्यानं, बायकोला मागे बसवून गुर्जी मोपेडवर आले.

जागेश्वरनं मान खाली घातली. पण क्षणात सावरून म्हणाला, "आले पाहा गुर्जी. दवाखान्यात गेल्ते. मी म्हनलो नोतो? फोडा धुरा, गुर्जी."

चुन्नीलाल काही बोलायच्या आत जमुनाबाईंनी रोवलेलं फावडं उपटून गुर्जींच्या हातात दिलं आणि कोपरानं त्यांना हलकेच ढोसलं. एक घाव घालायचा होता. आजारी माणसाची गोष्ट गावानं ऐकून घेतली असती. गुर्जींनी फावडं वर उचललं. समोर पांढऱ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस उभा होता आणि तोंड फिरवून शेतापलीकडे बघत होता. अगदी तसाच, जसा बाकावरून खिडकीबाहेर बघायचा.

गुर्जींनी फावडं खाली ठेवलं.

"मी दवाखान्यात नव्हतो," ते म्हणाले. "केशोरीला गेलो होतो. पाळी चुन्नीलालची."

जमुनाबाई मटकन धुऱ्यावर बसल्या. गुर्जी मात्र आता थांबणार नव्हते. त्यांनी टॉवेल सोडला, फ्रेम मागून उघडली, पान काढून उलटं केलं आणि सही दाखवली. चुन्नीलाल खरं बोलत होता, मीच त्याला खोटा ठरवला, असं म्हणाले. आणि एवढ्यानं मन भरलं नाही म्हणून लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रज अशा क्रमानं नाईसची सगळी कुळकथाही त्यांनी तिथंच, तुंबलेल्या पाण्याच्या काठावर, सांगून टाकली.

मग जागेश्वर बोलला. कव्हर त्यानंच बदललं होतं. बापाच्या माराच्या भीतीनं. बापानंच हौसेनं फ्रेम करून आणली, आणि बापाच्या हातची फ्रेम काढता येईना.

"रोज देवाले हात जोडतो तं मधात ते दिसते," तो म्हणाला. "पस्तीस वर्सं झाले, गुर्जी. तुमचं पानी मी एकडाव चुकवलं नाई, ते त्याच्याचसाठी."

चुन्नीलालनं फावडं टेकवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण काहीतरी वेगळंच येत होतं.

"म्हंजे पस्तीस वर्सं हा अडाणी लिहून भितीवर लावून बसला?" त्यानं विचारलं.

"मूळ अर्थ तसा," गुर्जी म्हणाले.

चुन्नीलाल हसला. खूप हसला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि मग त्याचं हसणं थांबलं तरी डोळे पुसणं थांबलं नाही. गुर्जींनी पान त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि परत दिलं. हे राहू द्या त्याच्याच घरी, म्हणाला, तिथं वैनी रोज पुसत असन.

"पन मायं मले द्या," तो म्हणाला. "अर्थ काई असो. ते मायं होतं."

कागद कोणाजवळच नव्हता. चुन्नीलालनं शर्टाची बाही वर केली आणि उजवा तळहात पुढे केला. गुर्जींनी लाल पेन झटकलं. अक्षरं नीट आली, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी त्यांनी पार मनगटापर्यंत नेली. राईस मिलचा मालक तळहात उन्हात धरून शाई वाळायची वाट पाहत उभा राहिला.

"आता पाणी घे," गुर्जी म्हणाले. "पाळी तुझी आहे."

"मायीच आहे," चुन्नीलाल म्हणाला. "अन् माया पाळीचं पानी मी कोनालेई देऊ शकतो. पह्यले तुमची बांधी भरा. मायं पोट मिलवर भरते, बांधी एक घंटा थांबन."

जमुनाबाई धुऱ्यावरून उठल्या. जागेश्वर पाटाकडे वळला. गुर्जींनी चुन्नीलालला खूण केली, की मग फोड बाबा धुरा. चुन्नीलालनं आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि मान हलवली.

"फावडं धराचं काम नाई आता," तो म्हणाला. "शाई पुसन."

जागेश्वरकडे पाहण्यात अर्थ नव्हता. मालकाच्या धुऱ्याला पाणकरानं हात लावायचा नाही, हाही नियमच होता. जमुनाबाईंनी फावडं पुन्हा नवऱ्याच्या हातात दिलं आणि हाताची घडी घालून समोर उभ्या राहिल्या. सहासष्ट वर्षांच्या गुर्जींनी पायजमा वर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बांधीचा धुरा फोडायला घेतला. पहिला घाव दगडावर बसला. दुसरा त्यांच्या चपलेशेजारी. चुन्नीलाल तळहात वर धरून धुऱ्यावर येरझारा घालत होता आणि पाय मागे घ्या, कंबर वाकवा, नजर मातीवर ठेवा, असं सांगत होता. तिसऱ्या घावाला ओल्या मातीचं मोठं ढेकूळ निघालं आणि पाणी धानात शिरलं.

चुन्नीलालनं वाकून ते ढेकूळ नीट निरखून पाहिलं.

"नाईस," तो म्हणाला.

कुठल्या अर्थानं, असं विचारायला गुर्जींनी तोंड उघडलं. पण जमुनाबाई बघत होत्या, म्हणून त्यांनी ते मिटलं आणि चौथा घाव घातला.